फाटकापाशी थांबलेल्या अकराजणी

प्रिय खारूताई,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी तुला उत्तर देतेच आहे, पण डोक्यातल्या डोक्यात. कागद आज घेतला. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर समोरच्याचा आवाज ऐकला की माझ्या जिभेला धार चढते, सांगायचं ते बाजूला राहतं आणि तू अर्ध्यात फोन ठेवतेस. मागच्या तिन्ही वेळा तेच झालं. कागद उलट उत्तर देत नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ झालं असतं. तेव्हा अक्षर आहे तसं वाच. शाळेत मी दोन वर्षं गेले, त्यातलं एक भिंतीकडे तोंड करून काढलं. उरलेली अक्षरं लाँड्रीत शिकले, दवाखान्याच्या चादरींच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं शिवलेल्या खुणांवरून. म्हणून माझं लिहिणं अजून टाके घातल्यासारखं दिसतं.

पत्र चार वेळा वाचलं. बाळीला दोन दात आले, ती तुझा नळाचा पाना तोंडात घालते, बरं. धुऊन देत जा निदान. आणि मग त्याच दमात, हवापाणी सांगावं तसं लिहिलंस की नऊ महिने पुरे झाले तरी तिला गोवराची लस द्यायची नाही असं तू ठरवलंयस. समोरच्या इमारतीत दोन पोरांना गोवर निघालाय, तरी. आणि कारण काय, तर साथीत माईनं लस घेतली नव्हती, आणि माई विचार केल्याशिवाय कधी काही करत नव्हती. तुझ्या नवऱ्यानं मला चोरून फोन केला होता. म्हणाला, आजी, तुम्ही सांगा, तुमचं ती ऐकेल. बिचारा! लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्याला पत्ता नाही की तू माझं कधीच ऐकलेलं नाहीस. तू ऐकलंस ते माईचं.

आणि त्यात तुझं काही चुकलं नाही. तुझे आईबाप तेव्हा बाहेरगावी कामाला, तुला वाढवलं माईनं. मी रविवारी यायचे, तुझ्या वेणीत, पाढ्यांत आणि चपलांच्या बंदांत चुका काढायचे आणि चहा पिऊन जायचे. तू मला पाहून पलंगाखाली जायचीस ते काय मला दिसत नव्हतं? दिसायचं. माई तुला तिथून बाहेर काढायची नाही, ती तिथे वाटीत खाऊ सरकवायची. मी असते तर झाडूनं काढलं असतं. एकाच पोरीच्या दोन आज्या, एकीकडे सगळी साय आणि दुसरीकडे सगळं ताक, असं का झालं ते मला कळलेलं नाही.

आधी लाँड्रीची खबर देते. ती तू विचारली आहेस, आणि ती सोपी आहे. सोपी म्हणजे, निदान सांगता तरी येते.

तू बसवलेल्या उन्हाच्या काचेच्या नळ्या चालताहेत. छतावर चौदा महिने ऊन खाताहेत आणि खाली पाणी वाफाळतंय. एकच फुटली, तीही कोळसेवाल्यानं शिडी टेकवून फोडली. तो म्हणाला चुकून. मी म्हटलं, चुकून कसली, नेम बघितलाय मी तुझा. तो अजून रुसून आहे. बॉयलर गेला तेव्हा त्याचं फावडं गेलं, आता त्याला बादली आणि फडकं देऊन काचा पुसायला लावलंय. तीस वर्षं धूर खाल्लेला माणूस. खोकला गेला त्याचा, हे मात्र खरं. पण तसं म्हटलं की म्हणतो, खोकला होता तेव्हा हाताखाली तीन माणसं होती. हवा स्वच्छ झाली, म्हणतेस तू. झालीच आहे. सकाळी खिडकीत टाकलेला पांढरा टॉवेल संध्याकाळी पांढराच निघतो, आणि हे मी या गल्लीत पहिल्यांदा बघतेय. पण ते बॉयलरवरचे तिघं कुठे गेले, ते उद्घाटनाच्या भाषणात कुणी सांगितलं नाही. साथीनंतर आता सगळं नव्यानं, हिरवं, स्वच्छ उभारायचंय, असं तो पाहुणा म्हणाला. जुनी कामगार म्हणून मला मधोमध उभं केलं आणि हसा म्हणाले. कशाला हसायचं तेच मला कळेना, म्हणून फोटोत मी दात दुखत असल्यासारखी आले आहे.

ढग आले की तुझं पाणी कोमट होतं, मग ते विजेवर तापवतात. ती वीज कुठून येते म्हणून तुझ्या साहेबाला विचारलं, तर त्यानं इतकं लांबलचक सांगितलं की शेवटी मला एवढंच समजलं की त्यालाही नीट माहीत नाही. बरं वाटलं. माझ्यासारखाच निघाला.

पहिला महिनाभर दवाखान्यानं चादरीच पाठवल्या नव्हत्या, आठवतंय ना? उन्हाच्या पाण्यानं जंतू मरणार नाहीत म्हणे. आमच्या बायकाही तेच म्हणत होत्या. तू पोट पुढे घेऊन, कमरेला पान्यांचा पट्टा बांधून, तो आकडे दाखवणारा डबा नाचवत खाली आलीस आणि त्या दवाखान्याच्या माणसाला म्हणालीस, पाणी पंच्याऐंशीवर आहे साहेब, ते कोळशानं तापलं की उन्हानं, हे जंतूला कोण सांगायला जातंय? सगळ्या हसल्या. त्या दिवशी तू मला पहिल्यांदा माझी नात वाटलीस. तीच तू आता आकडे नकोत, डबा नको, माई काय म्हणाली तेवढं पुरे, असं लिहितेस. मग माझं डोकं चालत नाही. उन्हावर विश्वास आहे आणि सुईवर नाही, हे गणित मला सुटत नाही. अर्थात मी तुला कुठल्या तोंडानं विचारणार.

कुठे होते मी? हां. हौद.

भिजवणीच्या हौदाचं तू बघितलंयस, पण ते कसं सुरू झालं ते तुला ठाऊक नसेल. गरम आणि गार पाणी मिसळून त्यात हात घालून कपडे चोळायचे असतात. त्या हौदाचा गरमी दाखवणारा काटा कधीचाच एका जागी अडकलेला. एकदा एका नव्या पोरीनं सरळ हात घातले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत सोलून निघाले. तेव्हापासून ठरलं की सगळ्यांत जुनी बाई आधी कोपर बुडवणार, ती चला म्हणणार, मगच बाकीच्यांनी हात घालायचे. माझ्या आधी एक होती, ती गेल्यावर मी. एकोणीस वर्षं. मालक घड्याळ दाखवून ओरडला तरी माझं कोपर ओलं झाल्याशिवाय एकही बाई पाण्याला शिवायची नाही. मागून मला करवत म्हणायच्या, तेही मला ठाऊक आहे, पण हौदावर सगळ्या करवतीच्याच तोंडाकडे बघायच्या. आता तुझ्या नव्या हौदावर लाल आकडे लागतात. त्या आकड्यांकडे बघतात आणि मग मान वळवून माझ्याकडे बघतात. सवय.

माईही बघायची. आम्ही दोघी घडीला जोडीनं होतो. मोठी चादर एकटीला घडी होत नाही. दोन टोकांना दोघी, ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकं द्यायची, परत मागे. बत्तीस वर्षं मी त्या बाईकडे दिवसाला दोनशे वेळा चालत गेले असेन. आपल्या घरातल्या माणसाकडेही इतकं कोणी जात नाही. तुझ्या आईचं लग्न त्या घड्यांमध्येच ठरलं. चादरीच्या एका टोकाला ती म्हणाली, माझा मुलगा कामाला लागला, दुसऱ्या टोकाला मी म्हटलं, माझी मुलगी तोंडाळ आहे, चालेल का. ती म्हणाली, तुमच्याबरोबर घड्या घालते, तर तुमच्या मुलीबरोबर संसार होईलच की. लग्नानंतर कामावरही मला विहीणबाई म्हणायला लागली. विहीणबाई, कोपर घाला. विहीणबाई, तुमचं टोक खाली लोंबतंय. सगळ्या खिदळायच्या.

साथीत आम्ही घरी बसलो नाही, हे तुला माहीत आहे. दवाखान्याच्या चादरी थांबत नव्हत्या. पिवळ्या पिशव्यांतून यायच्या, हात न लावता सरळ मशिनात टाकायच्या. तोंडावर दोन-दोन फडकी बांधून आम्ही एकमेकींना फक्त डोळ्यांवरून ओळखायचो. मग लस आली. आणि लशीबरोबर जे काय आलं, त्यानं माझ्या डोक्याचा पार चोथा झाला. टीव्हीवर एक डॉक्टर घ्या म्हणायचा, फोनवर दुसरा डॉक्टर घेऊ नका म्हणायचा, दोघांनाही पांढरे डगले. मुकादमाचा मेहुणा म्हणे घेतल्यावर तीन दिवस उठला नाही. मी म्हटलं, तो घ्यायच्या आधी तरी कुठे उठत होता! कुणी म्हणे रक्त गोठतं, कुणी म्हणे पोरं होत नाहीत. आमच्यात सगळ्यांत लहान बाई बेचाळीसची, तरी सगळ्यांना घोर लागला. मला खरं सांगू का, कोण खरं बोलतंय ते मला कळत नव्हतं. मी ठामपणे बोलत होते, कारण मी नेहमीच ठामपणे बोलते. माझा आवाज तसा आहे.

शेवटी शाळेत केंद्र उघडलं आणि मुकादमानं आम्हाला अर्धा दिवस सुट्टी देऊन पाठवलं. मी आणि अकराजणी, त्यात माई. आत एकेकीनं जायचं होतं. अकराही जणी फाटकापाशी थांबल्या. मी आधी जाणार हे कुणी ठरवलं नाही. ते ठरवायला लागतच नव्हतं.

पाऊण तासानं मी बाहेर आले. माई पुढे झाली, म्हणाली, विहीणबाई, झालं? दुखलं का? मी म्हटलं, नाही घेतली. बर्फाच्या डब्यातून काढून देतात. शिळं जेवण मी तोंडाला लावत नाही, शिळी सुई दंडाला कशाला लावू? आणि जो हशा पिकला! माई सगळ्यांत जास्त हसली, डोळे पुसायला लागली. आणि मग अकराजणी वळल्या. एकीनंही आत डोकावून बघितलं नाही. अर्धा दिवस सुट्टी होती, तर चला, बाजारात जाऊ म्हणाल्या. दोन दिवसांत तो शिळ्या सुईचा विनोद गल्लीत पोचला. आठवड्यानं पाववाल्यानं तो मलाच सांगितला, वर म्हणाला, ऐकलात का आजी, कुणी तरी शहाण्या बाईनं म्हटलंय. आणि आता तुझ्या पत्रात, तिसऱ्या पानावर, तू लिहिलंस की माई म्हणायची, शिळी सुई दंडाला नको. म्हणत असेल ती. पण ते वाक्य तिचं नाही. तिला कुणाला टोचून बोलता आलं असतं, तर आमच्या घड्या एवढी वर्षं टिकल्या असत्या का?

पुढचं तुला माहीत आहे, तू होतीसच. दीड महिन्यानं तिला ताप आला, आठव्या दिवशी श्वास पुरेना, अकराव्या दिवशी ती गेली. आपल्याला आत जाऊ दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच दवाखान्याच्या चादरी आल्या. त्यातली तिच्या खालची कुठली, ते कळायला मार्ग नव्हता, आणि मी प्रत्येकीवर चिडत होते. माझ्या जोडीला नवी मुलगी दिली. ती फार भराभर चालत येते अंगावर. अजून तिची आणि माझी टोकं जुळत नाहीत.

तुला कुणी सांगितलं नसेल, कारण मीच कुणाला कळू दिलं नाही, पण त्यानंतर तीन आठवड्यांनी मी दुसऱ्या वस्तीतल्या केंद्रावर एकटी गेले आणि लस घेतली. दुसरीही घेतली. कागद कपाटात आहे. नवी लाँड्री सुरू होताना दवाखान्यानं सगळ्यांचे कागद मागितले, तेव्हा उरलेल्या दहाजणी कुरकुरत गेल्या आणि घेऊन आल्या. मला म्हणाल्या, तुमच्यावरही वेळ आली की नाही शेवटी! मी म्हटलं, आली. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते, आणि परत वाचून बघणार नाही, नाही तर फाडेन. त्या दिवशी शाळेत मी सुई नाकारलीच नव्हती. बाही वर करून बसले होते. सिस्टरनं दंडाला तो फुगणारा पट्टा बांधला, एकदा, मग दुसऱ्यांदा, मग डॉक्टरांना बोलावून तिसऱ्यांदा. म्हणाली, आजी, बीपी फार वाढलंय, आज देता येणार नाही, या गोळ्या घ्या आणि आठ दिवसांनी या. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, देऊन टाक गं, बाहेर माझ्या बायका थांबल्यात. ती देईना. मग मी आतल्या बाकावर बसून राहिले, तोच तो पाऊण तास. आमच्याकडे एक बाई चक्कर येऊन हौदाशी पडली होती. बीपी आहे कळल्यावर मुकादमानं तिला दुसऱ्या दिवसापासून दाराशी पिशव्या मोजायला बसवलं आणि कुणी तिच्याकडे पुन्हा मान वळवून बघितलं नाही. मला ते नको होतं. एवढंच कारण आहे, याच्या खाली आणखी काही शोधू नकोस. फाटकाशी आले तेव्हा तोंडात काय येणार आहे ते मलाच ठाऊक नव्हतं, आणि तो विनोद आला. आठ दिवसांनी गेले नाही, कारण गेले असते तर विचारलं असतं, आता शिळी नाही का. आणि पाचव्या दिवशी, चादरीच्या घडीत, माई हळूच म्हणाली होती, विहीणबाई, दोघी जाऊन येऊ या का गुपचूप? मी म्हटलं, घाई काय आहे. हे वाक्य मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माईनं विचार करून नकार दिला, असं धरून तू बाळीचं ठरवून बसली आहेस. माईनं नकार दिलाच नव्हता, तिनं विचारलं होतं. लस घेतली असती तर ती वाचली असती का, हे मी माझी घेताना तिथल्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, शक्यता बरीच होती, पण एका माणसाचं नक्की सांगता येत नाही. इतका शिकलेला माणूस आणि त्याच्याकडेही एवढंच उत्तर. तेव्हापासून मी कधी स्वतःला दोषी धरते, कधी सोडते, आणि दोन्ही वेळा चुकल्यासारखं वाटतं. मला यातलं काही समजत नाही, पण जे घडलं ते घडलं तसं मला माहीत आहे, आणि ते माहीत असणारी मी एकटीच आहे. मी मेले की तुझ्याकडे फक्त ती खोटी माई उरेल आणि तू तिचं ऐकत बसशील. बाळीला घेऊन तुझ्या तिथल्या सिस्टरकडे जा, तिला हवे ते प्रश्न विचार, ती वैतागेपर्यंत विचार, पण जा. समोरच्या इमारतीतला गोवर तुझं मन तयार व्हायची वाट बघणार नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नातजावयाकडून एवढंच कळव की बाळीला टोचलं. तुझ्या बापाला हे अजून ठाऊक नाही. त्याची ती आई होती, आणि त्यानं ते कागदावर वाचावं हे बरं नाही. हे पाकीट पेटीत टाकून मी तशीच त्याच्याकडे जातेय, तोंडानं सांगायला. तो ऐकून घेईल की दार लावेल, मला अंदाज नाही. तू विचारशील की मग पत्र आधी का टाकलंस. कारण तिथून परत आल्यावर मला हे टाकायचा धीर राहील की नाही, तेही मला माहीत नाही.

रागावलीस तरीही तुझीच,
आजी